मंगळवार, आठ ते साडेनऊ

महिलांच्या व्हॉलीबॉलविषयी रेंडर होफकांपचं मत वाईट नव्हतं. ‘छान खेळतात,’ असं तो नेहमी म्हणायचा. फक्त तो ‘छान’ ज्या सुरात यायचा, त्या सुरात इतर लोक इस्पितळातल्या सूपला छान म्हणतात.

युरोपातल्या राष्ट्रीय महिला संघांची अजिंक्यपद स्पर्धा यंदा ओल्डरव्हेनपासून पंधरा किलोमीटरवरच्या शहरात भरणार होती. त्यामुळे ओल्डरव्हेनला जरा चळ लागला होता. बेकरीवाल्याने नारिंगी साखरेचे चेंडू काढले. चष्म्याच्या दुकानाने खिडकीत जाळी ताणून तिला चष्मे लटकवले, आणि ते नेट आहे की मासेमारी, यावर गावात दोन मतं पडली. ज्या बायकांनी शाळा सुटल्यापासून चेंडूला हात लावला नव्हता त्या ‘ब्लॉक’ आणि ‘लिबेरो’ असे शब्द भाजीच्या रांगेत वापरू लागल्या. या सगळ्याकडे रेंडर समजूतदार माणसाच्या करुणेने बघत असे. कुणाच्या वाढदिवसाला खुर्च्यांचं कडं करून लोक बसले, कॉफी फिरली, की तो आपलं मत मांडायचा: तंत्र आहे, नाकारत नाही, पण जोर कुठून आणणार?

हे बोलायचा अधिकार त्याला होता, कारण तो स्वतः खेळाडू होता. दर मंगळवारी संध्याकाळी आठ ते साडेनऊ, नगरपालिकेच्या ‘दे क्लापरोस’ क्रीडागृहात, ‘सद्गृहस्थ क्रमांक पाच’ या गटातर्फे. एक ते चार क्रमांकाचे सद्गृहस्थ कधीच गुडघ्यांनी किंवा देवाने नेले होते. उरलेले सातजण सरासरी अठ्ठावन्न वर्षांचे होते. तिघं विरुद्ध तिघं खेळायचे आणि सातवा आळीपाळीने बाकावर बसून गुडघ्याला बर्फ लावायचा. रेंडर जमीन मोजणी खात्यात होता. लोकांची कुंपणं कुठे संपतात हे तीस वर्षं सांगत आल्यामुळे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हेही त्यालाच विचारायची पद्धत पडली होती. खरं म्हणजे विचारत कुणी नसे. तोच सांगायचा.

तर ऑगस्टात नगरपालिकेचं पत्र आलं. स्पर्धेच्या सरावासाठी नेमलेल्या एका हॉलचं छत गळतंय; सबब क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघाला एका मंगळवारी, आठ ते साडेनऊ, ‘दे क्लापरोस’ लागेल; आपल्या गटाने तेवढा तास उदार मनाने सोडावा.

एखादा भोळा माणूस असता तर त्याने सोडला असता. पण रेंडर तेवीस वर्षं गटाचा चिटणीस होता, आणि क्रीडागृह वाटपाची नियमावली त्याच्या पलंगाशेजारच्या कपाटात असे. कलम चौदा: जो गट आपला तास स्वखुशीने सोडील, त्याचा तास प्रतीक्षायादीतल्या पहिल्या गटाकडे कायमचा जाईल. आणि प्रतीक्षायादीत पहिला गट कोणता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रिकी स्लागचं लाइन डान्स मंडळ. चव्वेचाळीस बायका, काउबॉय टोप्या, टाचांचे बूट. अकरा वर्षं त्या चर्चच्या मागच्या खोलीत नाचत होत्या, आणि त्या खोलीच्या मधोमध खांब होता. रांगेत नाचणाऱ्यांना खांब काय असतो ते नाचणाऱ्यांनाच ठाऊक. या अकरा वर्षांत रिकी जिथे भेटेल तिथे रेंडरला विचारायची, “काय, गुडघे कसे आहेत सगळ्यांचे?” आणि हा प्रश्न प्रेमाचा नाही हे त्याला कळत होतं.

“एकच तर मंगळवार आहे,” त्याची बायको आलीदा म्हणाली. “घरी बस, माणसासारखा टीव्ही बघ.”

“एक मंगळवार सोडणं म्हणजे सगळे मंगळवार सोडणं.”

“मग सगळे बस.”

रेंडरने या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. मंगळवारची संध्याकाळ ही आठवड्यातली एकच वेळ होती जेव्हा त्याने काहीतरी म्हटलं आणि सहा माणसांनी ते ऐकलं, असं घडायचं. घरात ही सोय नव्हती. कचेरीत तर ती संगणक आल्यापासून बंद झाली होती. तो तास गेला असता तर उरलेला रेंडर म्हणजे वेळेवर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणारा एक उंच माणूस, एवढंच.

कुंपणापलीकडून सल्ले सुरू झाले. डावीकडचा शेजारी म्हणाला, पत्राला उत्तरच देऊ नकोस. नगरपालिका सहा आठवडे वाट बघते, तोवर क्रोएशिया घरी जाईल. उजवीकडची शेजारीण म्हणाली, सह्यांची मोहीम काढ. आणि पहिली सही मागितल्यावर म्हणाली की तिची नणंद लाइन डान्सला जाते, तेव्हा तिला यात ओढू नये. समोरच्या डॉक्टरने सात जणांचे गुडघे बघितलेले असल्यामुळे त्याचा सल्ला असा होता की ही संधी समजावी आणि खेळ सन्मानाने थांबवावा. त्यानंतर रेंडरने आपला दातदुखीचा उपायही दुसऱ्या डॉक्टरला विचारला.

शेवटी तो कोपऱ्यावरच्या ओबेमांकडे गेला. ओबेमा निवृत्त नोटरी. त्यांनी कॉफी दिली, डबा उघडून एक बिस्कीट दिलं, आणि डबा रीतीप्रमाणे बंद केला. मग त्यांनी नियमावली वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि रेंडरपुढे धरला. चाळीस वर्षांच्या शेजारात असं एकदाच घडलं होतं, ओबेमांची बहीण वारली तेव्हा. प्रकरण गंभीर आहे हे रेंडरने ओळखलं.

“चौदा-ब,” ओबेमा म्हणाले. “संयुक्त वापर. मूळ गट त्या वेळेत त्याच मैदानावर प्रत्यक्ष खेळला, तर तास सुटत नाही.”

“प्रत्यक्ष खेळला म्हणजे?”

“खाली तळटीप आहे. खेळ चालू असताना गटातल्या किमान एकाचा चेंडूला किमान एकदा स्पर्श. खाली पडलेला उचलला तर तो स्पर्श धरायचा नाही.”

ही तळटीप एका बॅडमिंटन गटामुळे आली होती. त्यांनी दोन वर्षं हॉल घेऊन त्यात फक्त कॉफी प्यायली होती. रेंडर हसला. एक स्पर्श. गेली तेवीस वर्षं तो दुसरं काय करत होता?

यानंतर बैठका झाल्या. आपल्याकडे दोन माणसांत मतभेद झाला की तिसरा माणूस कॉफी लावतो आणि चौथा विषयपत्रिका टंकतो. पहिल्या बैठकीत नगरपालिकेच्या श्रीमती ब्रेमर होत्या. वय तिशीच्या आत, समोर फॉर्म, चेहऱ्यावर फॉर्मइतकीच माया. दुसरीत व्हॉलीबॉल महासंघाचा एक गृहस्थ आला आणि त्याने नम्रपणे विचारलं की हा विनोद आहे का. तिसऱ्या बैठकीला सायकल संघटनेने हजेरी लावली, कारण क्रोएशियाची बस उभी राहिली तर बारा सायकलींची जागा जाणार होती. या मुद्द्यावर अडीच तास गेले. जागतिक दर्जाच्या खेळाडू गावात येत होत्या आणि मंडळी सायकलींना तात्पुरता मांडव घालावा की नाही यावर हात वर करून मत देत होती. मांडव घालायचा ठरला. तो पुढे वाऱ्याने रिकी स्लागच्या अंगणात गेला, आणि तिने त्याची पावती मागितली.

अखेर तह झाला. पहिली पाच मिनिटं सद्गृहस्थ आणि क्रोएशिया यांचा संयुक्त खेळ. क्रोएशियाच्या प्रशिक्षक बाईंनी फोनवरून दोन अटी घातल्या. एक, सर्व्हिस सगळ्या आमच्या, कारण आम्हाला त्याचाच सराव हवा आहे. दोन, उरलेला वेळ या सात गृहस्थांनी कोर्टाबाहेर बसून घाम पडेल तिथे फरशी पुसावी, कारण नेमलेले पुसणारे गळक्या छताच्या हॉलमध्ये अडकले आहेत.

“पुसणं?” सातांतला फोल्कर्ट म्हणाला. फोल्कर्ट पियानो शिकवायचा, आणि रेंडरचा सगळ्यात जुना दोस्त म्हणून वाईट बातमी पहिल्यांदा ऐकायचा मान त्याचा होता. “अरे, माझे विद्यार्थी बघायला येणारेत.”

“त्याला सहायक क्रीडाकार्य म्हणायचं,” रेंडर म्हणाला. “इतिवृत्तात तसंच आहे.”

महासंघाने सात पिवळ्या बंड्या पाठवल्या. त्यांच्या पाठीवर ‘मदतनीस’ लिहिलं होतं. बंड्या शाळकरी मापाच्या होत्या. बेंबीच्या वरच संपायच्या.

त्या मंगळवारी प्रेक्षक-गॅलरी भरली. पुढच्या दोन रांगा लाइन डान्स मंडळाने अडवल्या होत्या. बायका टोप्या घालून, विणकाम घेऊन, सावध बसल्या होत्या. नियमाप्रमाणे तास सुटला तर त्याच जागेवर ताबा नोंदवता येतो, म्हणून रिकीने गाणी वाजवायचं यंत्रही आणलं होतं. आलीदा तिसऱ्या रांगेत होती. गावाच्या वतीने स्वागत म्हणून चीजचे तुकडे, त्यात कागदी झेंडे, आणि कांदा घातलेला कच्चा हेरिंग मासा मांडला होता. संघाच्या डॉक्टरने ताटाकडे बघितलं, ताटावर नॅपकिन टाकला आणि केळी आहेत का विचारलं. साऱ्या क्रीडागृहात एकच केळं होतं, आणि ते रखवालदार बेरेंडचं रात्रीचं जेवण होतं. त्याने ते दिलं. त्या संध्याकाळी ओल्डरव्हेनकडून झालेलं तेवढंच एक सत्कार्य.

मुली आत आल्या. टीव्हीवर उंची कळत नाही. सद्गृहस्थांनी हस्तांदोलनासाठी रांग केली होती. पहिल्या दोन हातांनंतर रांग आपोआप ताठ झाली, चौथ्यानंतर पोटं आत गेली, आणि कप्तान ल्युबिका समोर आली तेव्हा रेंडर, जो गावात उंच म्हणून ओळखला जायचा, तिच्या गळ्यातल्या साखळीशी बोलू लागला.

प्रशिक्षक बाईंनी मोजपट्टी मागवली. नेट महिलांच्या उंचीवर, म्हणजे दोन मीटर चोवीसवर आणायचं होतं. रेंडरने गॅलरीला ऐकू जाईल अशा बेताने बेरेंडला सांगितलं, की आम्हा पुरुषांच्या दोन त्रेचाळीसवरून खाली घे, पाहुण्यांना त्रास नको.

बेरेंडने पट्टी लावली. मग पुन्हा लावली. तो खोटं न बोलणारा माणूस होता; त्यामुळेच तो कधी रखवालदाराचा व्यवस्थापक झाला नाही.

“दोन चोवीसवरच आहे,” तो म्हणाला.

“कुणीतरी उतरवलं असेल.”

“हो. तुम्हीच. सत्त्याण्णव साली.”

सहा सद्गृहस्थ छताकडे बघू लागले. ही गोष्ट सातही जणांना ठाऊक होती. पण ती कधी कुणी बोलली नव्हती, जसं एखाद्या घरात आजोबांचे दात कुणाचे हे कुणी बोलत नाही. जमीन मोजणी खात्याचा माणूस तेवीस वर्षं एकोणीस सेंटिमीटर खाल्ल्याचं असं चारचौघांत उघडं पडलं. पुढच्या रांगेत विणकामाच्या सुया थांबल्या. प्रशिक्षक बाईंनी मात्र मनापासून आभार मानले, की तुम्ही आधीच तयारी करून ठेवलीत. हे सगळ्यात लागलं.

आठला शिटी झाली. सातातले सहा आत उभे राहिले. बाहेर रेषेपाशी श्रीमती ब्रेमर फॉर्म घेऊन. त्यावर ‘स्पर्शसंख्या’ असा एक रकाना होता.

ल्युबिकाने पहिली सर्व्हिस केली. फोल्कर्टचं म्हणणं, तो तयार होता. असेलही. त्याने दोन्ही हात पुढे जोडले तेव्हा चेंडू त्याच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता. दुसरी सर्व्हिस दोघांच्या मधे पडली. दोघांनीही एकमेकांना ‘तुझा’ म्हटलं, तेही पडल्यानंतर. तिसरीला एकाने चष्मा काढून खिशात ठेवला, आणि चौथीपासून त्याला कुठली सर्व्हिस झाली हेच कळेना. पाचवा चेंडू हवेत असा काही वळला, की ज्याच्याकडे येत होता तो बाजूला झाला आणि ज्याच्याकडे गेला त्याने डोळे मिटले. सर्व्हिस करायला एकेक मुलगी पुढे येत होती. कुणी या सद्गृहस्थांवर राग काढत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. आपण जसा सकाळी पाव कापतो तशा त्या सर्व्हिस करत होत्या. हाच अपमान होता.

“जोर बरा आहे,” दोन मिनिटांनी रेंडर म्हणाला. हे त्याने एका विशिष्ट मुलीविषयी म्हटलं असं तो पुढे सांगे.

तीन मिनिटं झाली. श्रीमती ब्रेमरने रकान्यात शून्य लिहिलं नव्हतं, कारण शून्य शेवटी लिहायचं असतं. पण पेनचं टोपण काढलेलं होतं. गॅलरीत रिकीने यंत्राची वायर सोडवायला घेतली. तेवीस वर्षांचे मंगळवार या एका कोऱ्या चौकोनात चालले होते. रेंडरने सहकाऱ्यांना हलक्या आवाजात आज्ञा दिली: खेळायचं नाही, फक्त चेंडूच्या वाटेत उभं राहायचं. अंगावर घ्या. स्पर्श हा स्पर्श. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी शरीर मनाचं ऐकत नाही. चेंडू यायचा, मन म्हणायचं ‘थांब’, आणि शरीर सभ्यपणे वाट द्यायचं. दाराशी दोघे समोरासमोर आले की आपण देतो तशी.

साडेचार मिनिटांनी ल्युबिका चेंडू हातात घेऊन थांबली. ही माणसं इतकी पांढरीफटक का झालीत, हे तिने रेषेवरच्या श्रीमती ब्रेमरला विचारलं. श्रीमती ब्रेमरने कलम चौदा-ब तळटिपेसकट समजावून सांगितलं. तिला वाटलं ती माहिती देते आहे. ल्युबिकाने ऐकलं, आपल्या प्रशिक्षक बाईंकडे बघितलं, आणि त्यांनी मान हलवली.

मग ती सर्व्हिसची रेषा सोडून पुढे चालत आली. नेटपासून तीन पावलांवर. चेंडू तिने तळहातावर धरला आणि बालवाडीत टाकतात तसा खालून, अलगद, उंच टाकला.

सगळं क्रीडागृह वर बघू लागलं. चेंडू छताजवळ गेला, तिथे जरा रेंगाळला, आणि रेंडरच्या दिशेने उतरू लागला. तो मागच्या रेषेपाशी उभा होता. वेळ इतका होता की फोल्कर्टने तीनदा सांगितलं. “तुझा. रेंडर, तुझा. अरे, नुसता हात लाव.” गॅलरीतून आलीदा पहिल्यांदाच काही बोलली. “घे की रे,” ती म्हणाली.

रेंडरने चेंडूकडे बघितलं. रेषेकडे बघितलं. पुन्हा चेंडूकडे. आणि मग तीस वर्षांच्या नोकरीत आणि तेवीस वर्षांच्या मंगळवारांत त्याच्या अंगी जे मुरलं होतं, ते त्याला विचारल्याशिवाय वर आलं. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले, तळवे मागे केले, एक पाऊल अदबीने बाजूला झाला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला,

“बाहेर.”

चेंडू टप्पा घेऊन भिंतीकडे गेला. शिटी झाली.

फोल्कर्टने कोर्टावरच बसून घेतलं. श्रीमती ब्रेमरने रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली सही केली. गॅलरीतून रिकी स्लाग शांतपणे म्हणाली, “आत होता.”

“बाहेर होता,” रेंडर म्हणाला.

“चार बोटं आत होता.”

“बाई, हे माझं काम आहे. मी रोज करतो.”

“म्हणून तर आमच्या कुंपणाचा दावा चौदा वर्षं चाललाय.”

पुढचा तासभर सद्गृहस्थांनी फरशी पुसली. मुली पडायच्या, उठायच्या, आणि बेंबीपर्यंतच्या बंड्या घातलेली सात माणसं ओणवी होऊन धावायची. पुसणं त्यांना चांगलं जमलं. प्रशिक्षक बाईंनी जाताना तसं प्रमाणपत्रही दिलं. रेंडर पुसता पुसता दर खेपेला मागच्या रेषेजवळ जायचा आणि एक विशिष्ट जागा बघायचा.

गुरुवारी क्रोएशियाचा सामना आपल्याच संघाशी होता. अख्खं गाव टीव्हीसमोर. तिसऱ्या सेटमध्ये ल्युबिकाने ओळीने सहा सर्व्हिस अशा केल्या की आपल्या मुलींचीही पाठ भिंतीला लागायची वेळ आली. आणि सद्गृहस्थ क्रमांक पाचला आयुष्यात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बरोबरी झाल्यासारखं वाटलं. सहाव्या सर्व्हिसला रेंडर कोचावरून ओरडला, “बाहेर.” पंचांनी व्हिडिओ मागवला. पडद्यावर रेषा घराएवढी मोठी झाली, आणि चेंडू तिच्यावर पूर्ण बसलेला दिसला.

“यंत्रं चुकतात,” रेंडर म्हणाला.

आलीदा कपाटात काहीतरी शोधत होती. ते बूट होते, टाचांचे, आणि ते नवे नव्हते.

क्रोएशिया पाचव्या सेटमध्ये हरली आणि घरी गेली. रेंडरचा सामना आता सुरू झाला होता. त्याने नगरपालिकेकडे हरकत दाखल केली. एकोणीस पानं, चार नकाशे. तीत कलम चौदा-बचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात होता. पुढची अठरा पानं एकाच मुद्द्यावर होती: चेंडू बाहेर होता. ओबेमांनी मसुदा वाचून सांगितलं, की अरे, मुद्दा स्पर्शाचा आहे, त्यावर लिही. लिही की सर्व्हिस सुरू असताना गॅलरीतून आवाज झाला, लिही की आणखी पाच मिनिटं मिळावीत, काहीही लिही. रेंडर म्हणाला, आधी सत्य प्रस्थापित होऊ दे, बाकीचं त्याच्यामागून येईल. या खेपेला ओबेमांनी डबा उघडलाच नाही.

सुनावणी ऑक्टोबरात झाली. तीन सदस्य, कॉफी, प्रत्येकी एक बिस्कीट. पुरावा म्हणून लाइन डान्स मंडळातल्या एकीने फोनवर घेतलेलं चित्रीकरण लावलं. अध्यक्षांनी ते अकरा वेळा बघितलं. चेंडू वरून येतो, रेंडर हात वर करतो, बाजूला होतो, आणि ज्या क्षणी चेंडू जमिनीला लागतो त्या क्षणी नेमकी मधे पुसायची बादली येते. ती बादली रेंडरनेच तिथे ठेवली होती, पण तेवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. रेंडर बावन्न मिनिटं बोलला. मध्ये त्याने मोजपट्टी काढून गालिच्यावर रेषा आखली आणि एका सदस्याला चेंडू व्हायला सांगितलं. श्रीमती ब्रेमरला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की ती फक्त स्पर्श मोजत होती, जमीन मोजायला तिला सांगितलेलं नव्हतं.

बाहेर सायकलींपाशी बाकीचे सहाजण थंडीत उभे होते. फोल्कर्टने थर्मास आणला होता. साडेचारला दार उघडलं आणि रेंडर पायऱ्या उतरत आला. त्याच्या हातात कागद होता आणि दोन्ही हात डोक्यावर होते, तळवे मागे.

“बाहेर,” तो म्हणाला.

सहा माणसांनी जल्लोष केला. जे कधी बायकोला चारचौघांत मिठी मारत नाहीत त्यांनी एकमेकांना मारली. एकाचे डोळे भरले आणि त्याने त्याचं खापर वाऱ्यावर फोडलं. रेंडरने कागद उघडून खणखणीत आवाजात वाचला. पुराव्याअभावी संशयाचा फायदा हरकतदारास देण्यात येत आहे. सबब चेंडू बाहेर पडला असं धरण्यात येत आहे. हरकतदाराचा या बाबतीतला निर्णय अनुभवी व अचूक होता.

“अचूक,” रेंडरने पुन्हा वाचलं.

“मग येत्या मंगळवारी आठला,” फोल्कर्ट थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला.

रेंडरने कागद घडी करायला घेतला. “खाली अजून एक वाक्य आहे,” तो म्हणाला.

फोल्कर्टने कागद त्याच्या हातातून घेतला आणि मनात वाचला. बाहेर जाणाऱ्या चेंडूला हात न लावणं हेच योग्य असल्याने हरकतदाराच्या गटाने चेंडूला हात लावला नाही, हे हरकतदाराच्याच म्हणण्याने निर्विवाद सिद्ध होतं. तास प्रतीक्षायादीकडे वर्ग. या मुद्द्यावर पुन्हा हरकत घेता येणार नाही.

कागद सहा हातांतून फिरला आणि परत आला. एकेकाने आपल्या सायकलीचं कुलूप काढलं, एकेकाने दिवा लावला. शेवटी फोल्कर्ट तेवढा थांबला. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

“खरं सांग रेंडर. आता काय फरक पडतोय. होता का रे तो बाहेर?”

रेंडरने कागद कोटाच्या आतल्या खिशात, छातीजवळ ठेवला आणि वरून दोनदा थोपटला.

“लेखी आहे,” तो म्हणाला.